उसना खराटा

सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहिले, तर खाली चौकात शेवंतामावशी वाकून हातानं कागद वेचताना दिसल्या. एरवी त्या लांब दांड्याच्या खराट्यानं सगळा चौक उभ्या उभ्या झाडतात. आज खराटा नव्हता. आणि ते कागद आमचेच होते, काल संध्याकाळच्या पथनाट्यानंतर आम्ही वाटलेले. त्यांवर मीच लिहिलं होतं, 'झाडणाऱ्या हातांना मान द्या.'

नाटकात झाडणाऱ्या बाईचं काम माझं होतं. खराटा खराच हवा, हा हट्टही माझाच. म्हणून मावशींचाच मागून आणला होता. टाळ्या पडल्या, एका आजोबांनी तर डोळे पुसले, आणि त्या भरात खराटा ढोलकीबरोबर माझ्या घरी आला. आत्ता तो दाराआड उभा होता.

दुसऱ्याचं दुःख आपण किती हौसेनं उसनं आणतो! चार लोकांत मिरवतो, आणि परत करायचं तेवढं विसरतो.

खराटा घेऊन मी धावतच खाली गेले. "मावशी, चुकलंच हो माझं."

त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "असू द्या हो ताई. नाटक छान झालं म्हणत होते सगळे. आज पण आहे ना? लागणार असंल तर ठेवा."

होता, संध्याकाळी पुढच्या चौकात प्रयोग होता. आणि खराट्यावरची माझी मूठ लगेच सुटली नाही.