समस्त शुभेच्छुक

अकोला जिल्ह्यात संधी नावाची वस्तू आपल्या पायांनी चालत येत नाही. आमचे भाऊजी तिचं बखोट धरून तिला आणतात. हे मी घरचा माणूस म्हणून कौतुकानं सांगत नाही. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. परिपत्रकं, मुदती आणि अर्जांतले रकाने यांत माझी इतकी वर्षं गेली, त्यामुळे विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर लागलेल्या सूचनेकडे किती जण पाहतात हे मला नीट ठाऊक आहे. पहिल्या दिवशी ती लावणारा शिपाई पाहतो आणि शेवटच्या दिवशी ती काढणारा शिपाई पाहतो. मधले सगळे दिवस भाऊजी पाहतात.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे चुलतभाऊ. अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. काम म्हणजे काचपट्ट्या धुणं, बरण्यांवर चिठ्ठ्या डकवणं, सूक्ष्मदर्शक रात्री झाकून ठेवणं. पण एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणारी पोरं कॉलेजात पाऊल ठेवलं की आधी 'भाऊ कुठं आहेत?' असं विचारतात. कारण कार्यशाळा, प्रशिक्षण, परिषद, प्रवासखर्चाची मदत, उन्हाळी शिबिर असं देशात कुठंही काही निघालं की ते भाऊजींना त्या खात्याच्या सचिवाआधी कळतं असा तिथे समज आहे. समज खोटा नाही. प्राचार्यांच्या टेबलावरचं पाकीट उघडायच्या आधी ते उजेडात धरून वाचतात, असं मला त्यांच्याच तोंडून कळलं आहे.

सूचना मिळाली की ती पोहोचवण्याची त्यांची पद्धत निराळी. अकोट स्टँडवर काळीपिवळीवाले गाडी भरेपर्यंत गावाच्या नावानं ओरडतात ना, तसे भाऊजी सकाळी वसतिगृहाच्या जिन्यात उभे राहून ओरडतात. "बंगलोर, बंगलोर! पंधरा दिवस! ऱ्हानं-खानं फुकट! दोनच सीटा! बी.एस्सी.वाले मांगं सरका!" तोंडात ब्रश धरून पोरं बाहेर येतात. त्यांतला एक जण एकदा म्हणाला, "भाऊ, तिथं सगळं इंग्रजीत राहते. मले कुठी येते?" भाऊजी म्हणाले, "त्याहिले तरी कुठी वऱ्हाडी येते? हिसाब बराबर झाला. भर फारम." पोरानं फॉर्म भरला, गेला आणि येताना बंगलोरच्या दोघांना 'काहून बे' म्हणायला शिकवून आला.

मुदतीबद्दलही त्यांचा स्वतःचा कायदा आहे. ते प्रत्येक शेवटची तारीख चार दिवस अलीकडची सांगतात. एका संशोधक विद्यार्थ्यानं मूळ जाहिरात शोधून काढली आणि भाऊजींना धारेवर धरलं. "भाऊ, तुमी खोटी तारीख सांगतली! मी रातभर जागलो!" भाऊजींनी काचपट्टी पुसता पुसता उत्तर दिलं, "खरी सांगतली असती तं तू आज जागला असता, आन आज लाइट नाई." खरंच त्या दिवशी वीज गेली होती. तेव्हापासून विभागप्रमुखही आपले शोधनिबंध चार दिवस आधी पाठवतात. आमच्या कार्यालयात मी हा नियम लागू करून पाहिला, पण माझ्या चेहऱ्यावर खोटी तारीख टिकत नाही.

आणि मुलाखतीची तयारी! ती ते भाजीबाजारात करून घेतात. आपला विषय आधी भाजीवाल्या मावशीला समजावून सांगायचा, मग परीक्षकांना. ही मावशी म्हणजे पहाटे आपल्या वाडीतली मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी घेऊन येणारी एक खमकी बाई. वांग्यातल्या अळीवर तीन वर्षं काम केलेला एक मुलगा तिच्यापुढे उभा राहून म्हणाला, "मावशी, सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय घट दिसून आली."

"हे सांख्यिकी कोन्त्या दुकानात भेटते?" मावशीनं विचारलं.

"नाही, म्हणजे, नियंत्रित गटाच्या तुलनेत..."

"बाबू, तुया औषधानं अळी मरते का नाई मरते, येवढं सांग. गिऱ्हाईक उभं हाय."

पोरगा पाच मिनिटं विचार करून म्हणाला, "दहातल्या सात मरतात." मावशी म्हणाली, "हे पयले सांगाचं होतं." त्यानं घरी जाऊन आपल्या प्रबंधाचा शेवट नव्यानं लिहिला. भाऊजी अशा वेळी बाजूला उभे राहून वांगी निवडतात.

हे सगळं तुम्ही कशासाठी करता, असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं. माझा स्वभाव तसा आहे, कारण कळलं की मला बरं वाटतं. त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीला लागून त्यांना थोडेच दिवस झाले असताना नांदगाव खंडेश्वरचा एक मुलगा फळ्यावरच्या इंग्रजी सूचनेसमोर उभा होता. त्यानं विचारलं, 'भाऊ, हे काय लिवलं हाय, माया कामाचं हाय का?' भाऊजींनी न वाचताच सांगितलं, 'तुया कामाचं नाई.' पंधरा दिवसांनी सूचना काढताना त्यांनी ती वाचली. त्याच मुलाच्या विषयातली शिष्यवृत्ती होती. "त्याले कदी समजलंच नाई, वयनी," भाऊजी म्हणाले. "मले समजलं. तवापासून मी वाचाले लागलो."

हे ज्यांना माहीत नाही त्यांना सनाच्या पोस्टरचं प्रकरण नुसतं हसण्यासारखं वाटेल. हसू तर मलाही आलं, पण दुसऱ्या दिवशी.

सना अंजनगाव सुर्जीची. वडील वाळलेली पानपिंपळी विकत घेऊन पुढे व्यापाऱ्यांना देतात. पानपिंपळी हा औषधी वेल. अंजनगावाकडे त्याचे मळे आहेत, आणि भरल्या मळ्यातला वेल उभ्या उभ्या सुकतो हे तिकडचं जुनं दुखणं. सनानं एम.एस्सी.साठी तोच विषय घेतला आणि सोळा मळ्यांतल्या मुळ्या तपासल्या. काम असं की तिचे मार्गदर्शक स्वतः येऊन पाहत. पण चार माणसांसमोर उभी केली की ती फरशीशी बोलायची. पुण्याच्या एका कार्यशाळेत ती 'मले वाटते' म्हणाली आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, तेव्हापासूनचं हे.

आमच्या महाविद्यालयात परिषद भरणार होती. तिथल्या पोस्टर सत्रातून हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतल्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी एक विद्यार्थी निवडायचा होता. जागा एकच. अट अशी की उमेदवार त्या दिवशी विद्यार्थी असला पाहिजे, आणि सनाचं ते शेवटचं सत्र. हे हुकलं तर मामाच्या कृषी सेवा केंद्रात तिची खुर्ची ठरलेली होती. "खुर्ची वाईट नाई," भाऊजी मला फोनवर म्हणाले, "पन ते तिथं बसली तं त्या सोळा मळ्यांच्या मुया वाया गेल्या समजा." मार्गदर्शक परीक्षेच्या कामानं बाहेरगावी होते. पोस्टर छापून आणायचं काम भाऊजींनी अंगावर घेतलं, आणि ते आपल्या बालमित्राच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले.

परिषदेच्या दिवशी दोघं साडेनऊला अमरावतीत आले. भाऊजींच्या काखेत लांबलचक गुंडाळी होती. परीक्षक साडेदहाला येणार होते. आम्ही गुंडाळी उलगडली आणि मी तिथल्या तिथे खाली बसले.

वर केशरी-पिवळे किरण. किरणांत 'भावी शास्त्रज्ञ' आणि 'हार्दिक अभिनंदन'. त्याखाली सनाचा प्रवेश अर्जावरचा फोटो, आणि फोटोला जोडलेले हात. हात दुसऱ्याच कुणाचे तरी होते, हिरव्या बांगड्या घातलेले. मध्ये तिचं संशोधन, आलेखांसकट, अगदी बिनचूक. सगळ्यात खाली मोठ्या लाल अक्षरांत 'समस्त शुभेच्छुक', पुढे सोळा नावं, आणि कोपऱ्यात गॉगल लावून, कानाला मोबाइल धरून भाऊजी. भाऊजींनी तसा फोटो कधी काढला नव्हता. मोबाइल दुकानदारानंच दिला होता.

सनाचा चेहरा उतरला. "ये क्या करके रख दिए, भाऊ?" ती म्हणाली. "सब हँसेंगे। मैं नहीं खड़ी होती यहाँ।"

भाऊजींनी मित्राला फोन लावला. "काहून रे, मी तुले पोस्टर सांगतलं होतं!"

पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "मंग पोस्टरच तं हाय! बिना शुभेच्छुकाचं पोस्टर लावते का कोनी? लोकं मनतीन, पोट्टीच्या मांगं कोनीच नाई!"

"आन नावं?"

"नावं तूच सांगतली ना! मी इचारलं, खाली कोनाची टाकू, तं तू सोळा जनाची लिस्ट देल्ली!"

भाऊजी फोन ठेवून हळूच म्हणाले, "मले वाटलं, तो आभाराचं इचारून राहिला. ज्याहिनं मुया देल्ल्या त्याहिची नावं सांगतली."

मी उठले. कात्री, पट्टी, पांढरा कागद आणि चिकटपट्टी हे माझ्या पिशवीत असतंच. वरचा पट्टा सरळ कापून टाकला. किरण गेले, हात गेले, भावी शास्त्रज्ञ गेली. "गॉगल पयले कापा, वयनी," भाऊजी म्हणाले. गॉगल गेला. खालची नावं मात्र कापता येईनात, कारण मुख्य आलेखाचे मळ्यांचे क्रमांक त्याच पट्ट्यात येत होते. तिथे कागद डकवायचा ठरवून मी माप घेतलं, तोवर परीक्षक दारात. आणि पहिला फलक सनाचाच. पाहणीचा क्रम मीच लावला होता.

एवढ्या मोठ्या फ्लेक्सला तिथला स्टँड पुरेना, म्हणून भाऊजी मागे उभे राहून तो वरून धरून होते. समोरून त्यांची आठ बोटं आणि चपला तेवढ्या दिसत होत्या. परीक्षक बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, मुंबईकडच्या. त्यांनी आलेख पाहिले, मान हलवली, आणि मग चष्मा वर करून खालची ओळ मोठ्यानं वाचली. "समस्त शुभेच्छुक. हे कोण?"

सना फरशीकडे पाहू लागली. मागची आठ बोटं आवळली गेली.

"हे..." सना म्हणाली. मग तिनं पहिल्या नावावर बोट ठेवलं. "याहिच्या मळ्यातला मी पयला वेल उपटला, मॅडम. जित्ता वेल. याहिची आई रडली होती." बोट पुढे सरकलं. "याहिनं मले दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा जेवाले घातलं. हे तिसरे, याहिचा सगळा मळा गेला, एका महिन्यात. हा आलेखातला तीन नंबर." तिची नजर वर आली होती आणि तिला ते कळलं नव्हतं. नाव, मळा, आलेखातला खांब, पुन्हा नाव. मागच्या फलकांवरची मुलं जवळ सरकली. "आन हे सहावे. याहिचा मळा वाचला. आजूबाजूचे सगळे गेले, हा वाचला. काहून वाचला ते पाहाले मी चार वेळा गेली."

"काहून वाचला?" परीक्षक बाईंनी विचारलं. अगदी तसंच, न हसता.

"पानी, मॅडम. बाकीच्याइच्या मळ्यात पानी एकातून दुसऱ्यात जाते, त्याच्यासंगं रोगही जाते. याहिनं बांध घालून आपलं पानी वेगळं ठेवलं. भांडणात घातला होता तो बांध, भावासंगं."

बाई पंधरा मिनिटं तिथून हलल्या नाहीत. माझ्या वेळापत्रकात प्रत्येक फलकाला चार मिनिटं होती, आणि त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं नाही.

चार वाजता सनाचं नाव जाहीर झालं. ती बसल्या जागीच रडायला लागली. भाऊजींनी तिच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि लगेच फ्लेक्स गुंडाळायला गेले. ती मंचावर गेली तेव्हा परीक्षक बाईंनी विचारलं, पोस्टर मागून कुणी धरलं होतं. सनानं वळून पाहिलं, तर भाऊजी गुंडाळी घेऊन बाहेर पोहोचले होते. प्रशिक्षणाच्या अर्जात मार्गदर्शकाच्या नावाचा एक रकाना होता. तिनं मला विचारलं, इथे दोन नावं लिहिली तर चालतील का. मी नियम पाहिला आणि नाही म्हणाले. नियम तसाच होता. तरी ते 'नाही' माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

ती निघाली त्या संध्याकाळी मी अकोल्यातच होते. सनाचे आईवडील, मामा, आणि भाऊजी असे आम्ही स्टेशनवर गेलो. तिच्या कागदपत्रांची फाइल मी क्रमानं लावून दिली होती. ती मी आणखी एकदा तपासली. एरवी गाडीत बसलेल्या पोराला भाऊजी खिडकीतून अर्धा तास सूचना देतात, त्या दिवशी सनाची बॅग वर ठेवून नुसते खाली उतरले. सना दारात उभी राहून हात हलवत होती. गाडी वळणाआड गेली, तिच्या घरची माणसं डोळे पुसत जिन्याकडे निघाली, आणि भाऊजी तिथेच उभे.

त्यांनी मला विचारलं, "वयनी, हैदराबाद किती दूर पडते?"

"सकाळी पोहोचेल ती," मी म्हणाले.

"सकायी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सारी रात लागते?"

वऱ्हाड सोडून हा माणूस कधी कुठे गेला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांच्या पदासाठी कधी कुठलं प्रशिक्षण निघालंच नाही.

"मी तं सगळ्या पोट्ट्याहिले सांगत आलो," भाऊजी म्हणाले, "हे काय, इथंच हाय, बसलं का पोचलं." त्यांनी गाडी गेलेल्या बाजूला पुन्हा एकदा पाहिलं. "येवढं दूर धाडलं म्या त्याहिले!"

मग ते बाकावर बसले. मला परतीची एस.टी. गाठायची होती, पण मीही बसले.