कळवणच्या वाटेवर मक्याचे पाच दाणे

“विमानवालीला शेवटी घ्या. ती कांदे लावून आली नाय अजून,” माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं आणि अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेल्या बायका हसल्या. कुणाचं तरी चिडवायचं नाव असेल, असं मला वाटलं. कुणाचं ते विचारायला मी लाजले आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळले.

त्या सकाळी साडेसहाच्या एसटीने मी नाशिकहून निघाले होते. दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागांच्या कडेने जुन्या साड्या बांधलेल्या दिसल्या. थंड वारा अडवायला त्या लावतात. हिरव्या, राणी रंगाच्या, जरीकाठाच्या साड्या दवाने ओल्या होऊन लोंबत होत्या. शेजारच्या मावशींनी विचारलं, “कुठं जाती?” कळवणकडे, म्हटलं. कशाला, तर सर्वे. कसला सर्वे? “बायकांच्या तब्येतीचा,” मी म्हणाले आणि हेडफोन कानात घातले.

ती सवय जुनी आहे. शाळेत असताना रविवारी दुपारी आईबाबांच्या खोलीचं दार लागलं, की मी हेडफोन घालून अभ्यासाला बसायची. बऱ्याच वेळाने आई तोंड धुऊन बाहेर यायची. आधी माझ्या कानांकडे बघायची, मग तिचा चेहरा जरा सैल व्हायचा आणि ती चहा टाकायला जायची.

वणीला गाडी दहा मिनिटं थांबली. गरम भजी घेतली, तोंड भाजून घेतलं. नांदुरीपाशी सप्तशृंगीचा कडा उन्हात आला तशी बसमधल्या सगळ्यांनी बसल्या जागी हात जोडले. मीही जोडले, एक स्टॉप उशिरा. कळवणला उतरून जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मण्यांची पिशवी बसमध्येच राहिली.

ते मणी म्हणजे आमचं मुख्य साहित्य होतं. बाईला पाच मणी उजव्या हातात द्यायचे. पाच वाक्यं वाचायची. जे खरं असेल त्याला एक मणी पदराखालून डाव्या हातात न्यायचा आणि शेवटी फक्त किती ते सांगायचं. कोणतं खरं, ते आम्ही विचारायचं नाही आणि कुणी सांगू लागलं तर थांबवायचं. मी गेल्या आठवड्यात बाजाराला गेले. मी नदीवर कपडे धुतले आहेत. मी विमानाने प्रवास केला आहे. घरच्या माणसाने माझ्यावर हात उचलला आहे. मी सकाळी चहा घेते. निम्म्या गावांत हात उचलल्याचं वाक्य वगळून चारच वाचतात. दोन्हीकडच्या सरासरीत जो फरक पडेल, त्यावरून किती बायका मार खातात ते समजतं. कोण खाते, ते कुणालाच समजत नाही. खेड्यात पाहुणीजवळ सुनेला एकटं सोडत नाहीत, सासू उंबऱ्यात बसतेच, म्हणून ही युक्ती. आणि कुणाचाच आकडा पाच होऊ नये, म्हणून ते विमान.

गावातल्या आशा कार्यकर्त्या सुरेखाताई माझ्याबरोबर फिरणार होत्या. मणी हरवल्याचं ऐकून त्या हसल्या आणि पहिल्याच घरातून मूठभर मका घेऊन आल्या. “मणी देऊन उगं पोरांना खेळ झाला असता. हे बरं. उरले तर कोंबड्यांना.” बायकांना मका आवडला. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी त्याहून आवडलं. वयाची अट सांगताना मी ‘एकोणपन्नास’ ऐवजी ‘एकोणसाठ’ म्हणाले, तेव्हा एकीने सुरेखाताईंना विचारलं की मॅडम आम्हाला म्हातारं करायला आल्या का.

दुपारपर्यंत दोन, तीन, दोन, तीन असे आकडे लिहीत गेले. मध्ये एका घरी बाजरीची भाकरी, कांद्याची पात आणि लाल मिरचीची चटणी जेवले. डोळ्यांत पाणी आलं, त्याला मिरचीचं निमित्त झालं. तीन लिहिताना मी दर वेळी त्या बाईच्या मनगटाकडे बघत होते. बघायचं नाही असं आम्हाला शिकवलं होतं.

शेवटचं घर रोहिणीचं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. वाफ्यातून थेट आलेली, पायांना चिखल. सुरेखाताई अंगणात कुणाच्या तरी बाळाचं लसीचं कार्ड बघत थांबल्या. सासू नेहमीसारखी उंबऱ्यात बसली. मी दाणे दिले, वाचू लागले. बाजार. नदी. विमान.

विमानाला रोहिणी हसली. “हे तर साऱ्या गावाला माहीत हाय.” माहेर ओझरचं. भाऊ तिथल्या विमानांच्या कारखान्यात कामाला. लग्नाआधी त्याने तिला आणि आईला विमानाने हैदराबादला नेलं होतं. खिडकीतून ढग खाली दिसतात, असं ती सांगत होती.

सकाळची विमानवाली मला तेव्हा कळली. पुढचं वाक्य कागदावर होतं आणि सासू हाताच्या अंतरावर. मला ते गाळता आलं असतं, चहाचं आधी वाचून उठता आलं असतं. ज्यांनी ते विमान यादीत घातलं, त्यांना ओझर आणि तिथला भाऊ ठाऊक नव्हता. मला आता ठाऊक होता. तरी मी वाचलं, कारण वाक्यांचा क्रम बदलायचा नाही असा नियम होता आणि मी लहानपणापासून नियम पाळणारी मुलगी आहे.

पदराखाली थोडा वेळ काहीच हललं नाही. मग हललं. चहाचं वाक्य मी घाईने वाचलं.

“किती?”

तिला चार म्हणता आलं असतं. उजवी मूठ तिने पदराबाहेर काढली, माझ्यासमोर उघडली. रिकामी होती.

“पाच,” ती म्हणाली. मोठ्याने, उंबऱ्यापर्यंत जाईल असं.

मी ५ लिहिलं. मदतीच्या फोन नंबरचं कार्ड सगळ्यांना देत होते तसं तिलाही दिलं आणि समोर ठेवलेला चहा अर्धा टाकून उठले. सासूने पाय आवरून मला वाट दिली.

परतीची जीप यायला वेळ होता. रस्त्यावर सुरेखाताईंना मी अडखळत सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. “तुम्ही आकडा घ्यायला आलात, मॅडम. मी तिला सुजलेल्या तोंडाने दवाखान्यात नेलेलं हाय.” मग माझा चेहरा बघून म्हणाल्या की उद्या पहिली खेप तिच्याकडेच घालते.

त्या गेल्यावर मी एकटीच उभी होते, तेव्हा सासू आली. चालत, धापा टाकत. आता ती मला काय काय बोलेल, याची मी मनात तयारी केली.

“माले नही इचारं तू,” ती म्हणाली. (मला नाही विचारलंस तू.)

मी वयाची अट सांगू लागले. या वेळी आकडा बरोबर आला. तिने ऐकून घेतलं नाही. पदराची गाठ सोडली, माझा हात ओढला आणि तळव्यावर दाणे ठेवले. चार.

“मना चार. इमान सोडीसन.” (माझे चार. विमान सोडून.)

रोहिणीला आता काही त्रास तर होणार नाही ना, एवढं मला विचारायचं होतं. “रोहिणीताईंना...” इतकंच तोंडातून निघालं. म्हातारीने पदराची सुटलेली गाठ पुन्हा मारली. मग म्हणाली, “ती बोलनी. मी कधी नही.” (ती बोलली. मी कधीच नाही.) आणि आली तशी परत गेली. घरी जाऊन ती सुनेच्या बाजूने उभी राहील की गप्प बसेल, ते मला तिच्या पाठीवरून ओळखता आलं नाही.

बसमधून मी सर्वे चालवणाऱ्या आमच्या सरांना फोन केला. पाच आला, म्हटलं. सर चांगले आहेत, त्यांनी शांतपणे समजावलं की असं एखादं होतंच, सरासरीत विरून जातं. चार दाण्यांबद्दल मी बोलले नाही. त्यांना माझ्या वहीत रकाना नव्हता. साड्या बांधलेल्या बागा पुन्हा गेल्या. मी हेडफोन काढलेच नाहीत पर्समधून.

नाशिकला घरी पोचले तेव्हा बाबा फिरायला गेले होते. ते आता शांत झालेत, हळू बोलतात. आई स्वयंपाकघरात त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होती. काय बघितलंस, तिने विचारलं. मी द्राक्षबागा सांगितल्या, भजी सांगितली, मण्यांची पिशवी सांगितली. ती हसली. मग मी मुठीतले चार दाणे ओट्यावर, डबीशेजारी ठेवले. हे कशाचे, असं तिने विचारलं नाही. तिची नजर सवयीने माझ्या कानांकडे गेली.

“आई,” मी म्हणाले, “त्या हेडफोनमध्ये कधीच गाणं नसायचं.”