नव्या सेटवरचा अबोला

अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममधला जुना वायरलेस सेट बदलावा म्हणून सगळ्यांत जास्त आरडाओरडा कोणी केला असेल, तर तो मावशींनी. मावशी म्हणजे तिथल्या सीनियर ऑपरेटर. दलातले सगळे, अगदी वयाने मोठे असलेलेसुद्धा, त्यांना मावशीच म्हणत. सेटचं वय झालं होतं. सुटे भाग मिळत नव्हते. आभाळ भरून आलं की त्यातून भलतीच कुठलीतरी टॅक्सी कंपनी बोलू लागायची, आणि आग कितव्या मजल्यावर आहे हे पुन्हा पुन्हा विचारावं लागायचं. मावशी त्याला वरून एक टपली मारत. टपली खाल्ली की तो थोडा वेळ शहाण्यासारखा वागे.

त्याच सेटवर मावशींचा धाकटा भाऊही असायचा. बंब दोनचा तो प्रमुख. दोघांचा अबोला होता, आणि नव्याने भरती झालेल्यांना तो पहिल्याच दिवशी समजावून सांगितला जाई. आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा भाऊ एका जळत्या गोदामात होता. मावशींनी दवाखान्यातून कंट्रोलला फोन करून बजावलं, "तो बाहेर येईपर्यंत सेटवर काही सांगू नका. आत असताना त्याचं लक्ष उडालं तर आणखी काहीतरी होऊन बसेल." तो बाहेर आला तोवर आई गेली होती. कंट्रोलला ठाऊक, बाकीच्या बंबांना ठाऊक, फक्त त्याला नाही. तेव्हापासून तो बहिणीशी बोलेनासा झाला. आपलं बरोबरच होतं असं मावशींना अजूनही वाटे, आणि वाटून काही उपयोग होत नसे.

पण आगीतून बाहेर आलं की कंट्रोलला कळवावंच लागतं. भावाने त्यातून वाट काढली. माइकचं बटण तो नुसतं दोनदा दाबून सोडायचा. मावशींच्या स्पीकरमधून टक, टक यायचं. म्हणजे बंब दोन सुखरूप बाहेर. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. साहेबांनी एकदा विचारलंही, तर मावशी म्हणाल्या, "सेट जुना आहे साहेब, करतो असलं काहीतरी." एवढ्या वर्षांत भावाकडून त्यांना मिळालं ते एवढंच, आणि तेवढ्यावर त्या भागवत होत्या. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगत, "आज बोलला." नवरा समजूतदार. काय बोलला, हे तो विचारत नसे.

मग नवी यंत्रणा आली. चकचकीत पडदा, जो बोलेल त्याच्या नंबरासमोर लागणारा हिरवा दिवा, आणि आवाज असा स्वच्छ की बोलणारा शेजारच्या खुर्चीतच बसलाय. शिकवायला आलेली इंजिनिअर मुलगी हुशार होती आणि बोलायला गोड. बटण दाबायचं, बीप वाजेपर्यंत थांबायचं, मग बोलायचं.

"आणि नुसतं दोनदा दाबून सोडलं तर?" मावशींनी विचारलं.

"तर काहीच जाणार नाही. चुकून हात लागला असं समजते यंत्रणा," मुलगी म्हणाली. "फायदाच की. उगाच खटखट नको."

मावशी बरं म्हणाल्या. मुलीचं काहीच चुकत नव्हतं. ज्या यंत्रणेसाठी आपण एवढा गळा काढला, तिनेच आपला भाऊ तोडला, ही तक्रार त्या मुलीकडे कशी करणार? भावाच्या तुकडीचं प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी होतं, आणि तिथे तो मागच्या बाकावर बसून झोपला, असं मावशींच्या कानावर आलं. त्याला सावध करायचं तर आधी त्याच्याशी बोलावं लागलं असतं, आणि मोठ्या बहिणीलाही थोडा मान असतोच.

आठवड्याभरातच गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. भर दुपारी. बंब दोन आत गेला. आग आटोक्यात आली, शिडीची गाडी बोलली, बंब चार बोलला, एकेक करत सगळे बाहेर आल्याचे निरोप आले. बंब दोनचा आला नाही. तो बटण दाबत असणार, हे मावशींना कळत होतं. तो दाबत नसता तरी पडदा असाच दिसला असता, हेही कळत होतं.

"बंब दोन, कंट्रोल."

काही नाही.

"बंब दोन, कंट्रोल."

मग मावशींनी नियम, मान आणि अख्ख्या दलाचे कान बाजूला ठेवले.

"बाहेर आलास का रे?"

हिरवा दिवा लागला.

"आलोय," भाऊ म्हणाला. "केव्हाचा दाबतोय. ऐकू येत नाही का तुला?"

"नव्या सेटवर ते येत नाही. बोलावं लागतं."

दिवा पुन्हा लागला आणि लागलेलाच राहिला. त्याने बटण धरून ठेवलं होतं, बोलत मात्र नव्हता. अशा वेळी चॅनल मोकळा करा म्हणून दम द्यायचा असतो, ऑपरेटरचं ते कामच आहे. मावशींनी दिला नाही. साहेब मागे येऊन उभे होते.

"ताई," तो म्हणाला, "आई शेवटी काही म्हणाली होती का?"

सगळे बंब ऐकत होते. मावशी बीप वाजेपर्यंत थांबल्या.

"तुझंच विचारत होती. बाहेर आला का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"आला म्हणून सांगितलं," मावशी म्हणाल्या. "तू अजून आतच होतास."