नऊ नंबरच्या कॉलरमधला टाका

डॉर्की आंटी, म्हणजे डॉर्कास याफ्टा, जन्मात कधी रग्बी खेळली नाही. पण आमच्या व्हायलेट्स क्लबात तिच्यावाचून पान हलत नव्हतं. एकतीस वर्षं तिनं आमच्या जांभळ्या जर्सी धुतल्या, रफू केल्या. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिच्या दारात रांग लावायचो. ती नाव पुकारून जर्सी हातावर ठेवायची. जो जो जी जर्सी घाली, त्याच्या नावाचा एक टाका तिच्या कॉलरच्या आत, प्रत्येकाचा रंग वेगळा. नऊ नंबरात माझ्या बापाचा निळा, त्याच्या शेजारी माझा लाल.

"बापाचं नाक कापू नकोस रे, गाढवा!" हाच तिचा आशीर्वाद.

मग गोऱ्याकाळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे गेले. सौटकोपसारख्या टीचभर गावात दोन क्लब कशाला, असं गोऱ्यांच्या क्लबालाही वाटलं आणि आम्हालाही. आमचं मैदान रुळांपलीकडे, नुसती खडी. पडलं की गुडघ्याचं सालपट निघायचं. त्यांच्याकडे हिरवळ, दिवे, अंघोळीला गरम पाणी. सभा झाली. एक झालेल्या क्लबाला नाव त्यांचं, हिरवा रंगही त्यांचाच. "तुमच्या जर्सी काचेच्या कपाटात लावू," त्यांचा अध्यक्ष लोट्झ म्हणाला, आणि हात वर करायला सांगितलं. आम्ही केले. मीही केला. गरम पाण्यासाठी! आग लागो त्या पाण्याला.

आंटीला मत नव्हतं, ती खेळाडू थोडीच! मागच्या बाकावर बसून ती फक्त हात बघत होती. तरी पंधराच्या पंधरा जर्सी इस्त्री करून तिनंच नेऊन दिल्या. "लावा साहेब कपाटात," म्हणाली, "पण कॉलर आतून दिसू द्या."

सहा वर्षांनी क्लबची शंभरी आली. शंभर वर्षं त्यांची; आमची धरलीच नव्हती. आंटी चर्चची ठेवणीतली टोपी घालून आली आणि थेट कपाटापाशी गेली. आत त्यांचेच कप, त्यांचेच फोटो.

"साहेब, आमच्या जर्सी?"

"असतील गं डॉर्की, मागच्या खोलीत कुठंतरी," तिच्या मुलाच्या वयाचा लोट्झ म्हणाला. "आता आपण सगळे एकच ना?"

मागच्या खोलीत बूट पुसायची बादली होती. बादलीत जांभळ्या चिंध्या. आंटीनं गुडघे टेकले आणि एकेक चिंधी उपसायला लागली. मी दारात उभा, अंगात हिरवा ब्लेझर, हातात बिअर. वाकलो नाही. चार लोक बघत होते ना!

पुढच्या शुक्रवारी तिनं निरोप धाडून मला दारात बोलावलं. पूर्वीसारखंच नाव पुकारलं आणि धुऊन इस्त्री केलेली नुसती कॉलर हातावर ठेवली.

"घे. तुझ्या बापाची आहे."

मी ती उलटून पाहिली. निळा टाका जागेवर होता. शेजारी फक्त सुईची भोकं.

"आंटी, माझा कुठाय?"

"उसवला," ती म्हणाली. "तिकडं हिरव्यात कुणी घालून देतं का, विचार." आणि दार लावून घेतलं.