यादीवरची खूण

माझी सून घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते. पहिल्यांदा लागलंय का ते बघायला, दुसऱ्यांदा खात्री करायला. तिसऱ्यांदा कशासाठी, ते मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बाबा, तिसऱ्यांदा ओढलं नाही तर गाडीत बसल्यावर दुसऱ्यांदा ओढलं होतं का तेच आठवत नाही."

धाकटी नात होण्याआधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. आता पूर्ण वेळ घरी असते. "तेव्हा चुका शोधायचा पगार मिळायचा, आता फुकट शोधते," असं ती स्वतःच म्हणते. तिला नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकलं की हसून विषय संपतो, म्हणून म्हणत असावी.

मुळात ती अशी नव्हती. तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळे समुद्रकिनारी गेलो होतो. तिथे धाकटीचा श्वास कोंडला. ती चार वर्षांची होती. एका जागी बसत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. ती भिंगरी वाळूवर निपचित पडून नुसते खांदे उडवत होती आणि दवाखाना पाऊण तासावर होता. मुलगी वाचली. त्या पाऊण तासातून सून मात्र अजून पुरती बाहेर आलेली नाही.

त्यानंतर सहल म्हटली की तिला आधी धोकेच दिसतात. आम्हाला डोंगर दिसतो, तिला वळणं दिसतात. आम्ही खोलीच्या खिडकीतून तळं बघतो, ती खिडकीला गज आहेत का ते बघते. कुठेही पोचलं की पहिला प्रश्न एकच, "इथून दवाखाना किती लांब?" माझा मुलगा कपाळावर हात मारतो. "अगं, आधी सामान तरी उतरवू दे! लोक सहलीला फिरायला जातात, तू भरती व्हायला जातेस!"

बरं, मागे राहिलेलं घरही तिच्या डोक्यात सोबत चाललेलंच असतं. गॅसचा कॉक, मोरीचा नळ, फ्रीजमधलं उरलेलं दूध, गॅलरीत राहिलेला टॉवेल. तिची सहलीची यादी दोन पानी असते आणि फडताळाच्या दाराला चिकटवलेली असते. काम झालं की समोर खूण करायची. तिचा एक नियम आहे, जिवाची वस्तू कधी एकटी ठेवायची नाही, तिची जोडी हवी. म्हणून भिंगरीचे दम्याचे पंपही दोन. एक सुनेच्या पर्समध्ये, एक माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, दोन्हींबरोबर तोंडाला लावायची नळी. निघण्याच्या आदल्या दिवशी ते हलवून, हवेत एकदा दाबून, तारीख बघून पुन्हा जागच्या जागी ठेवायचे.

या वेळी तळ्याकाठी चार दिवस घर भाड्याने घेतलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी ती माझी पिशवी उघडायला आली तेव्हा मी म्हणालो, "राहू दे, मी तपासतो. तुला इतर व्याप आहेत." मुलगा बाजूलाच बुटाची लेस ओवत होता. तो म्हणाला, "बाबांवर तरी विश्वास ठेव बाई. त्यांच्यामागूनही तपासशील तर त्यांना काय वाटेल?"

ती थांबली. तिचा हात पिशवीच्या बंदावर होता, तो तिने काढून घेतला. म्हणाली, "बरं. खूण तेवढी करा हं, बाबा."

मी पंप काढला, हलवला, दाबून पाहिला. तारीख वाचायला चष्मा हवा होता. तो आरशाजवळच्या फळीवर होता, म्हणून पंप घेऊन तिकडे गेलो. तारीख ठीक होती. विसरायला नको म्हणून तसाच जाऊन यादीवर खूण केली, चांगली ठळक. तेवढ्यात मोठ्या नातीने जेवायला हाक मारली. पंप दाढीच्या ब्रशशेजारी फळीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी निघताना सुनेने यादीवरून बोट फिरवलं. माझ्या खुणेपाशी बोट क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने एक गोष्ट दुसऱ्याच्या शब्दावर सोडली.

पोचल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मुलगा गाडी घेऊन पाव आणि अंडी आणायला गेला. सुनेची पर्स गाडीतच, पुढच्या सीटखाली राहिली होती. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर तिच्या ते लक्षात आलं. ती दारापर्यंत धावली, मग वळून माझ्याकडे पाहून म्हणाली, "जाऊ दे, तुमच्या पिशवीत आहेच की." आणि चहा ठेवायला गेली. तिला इतकं निवांत मी फार दिवसांनी पाहत होतो.

घराच्या मागच्या खोलीत जुन्या गाद्यांचा ढीग होता. दोन्ही मुली त्यावर उड्या मारत होत्या. दहा मिनिटांनी मोठी दारात आली. "आई, ही खोकतेय. थांबतच नाहीये."

भिंगरी गादीच्या कडेला बसली होती. प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती आणि गळ्याखालची खळी आत ओढली जात होती. सुनेने तिला उचलून खिडकीपाशी खुर्चीवर ताठ बसवलं. न बघताच हात मागे केला. "बाबा, पंप."

मी पिशवीत हात घातला. वर्तमानपत्र, मफलर, कोडी सोडवायची वही. नळी सापडली. पिशवी उलटी केली. पेन्सिल घरंगळत खुर्चीखाली गेली. तेव्हा मला आरसा दिसला, फळी दिसली, ब्रश दिसला.

"बाबा?"

"घरी राहिला," मी म्हणालो. "फळीवर."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज ठाम होता. "फोन लाव त्यांना," ती मोठीला म्हणाली. मोठीने फोन लावला आणि बापाचा फोन ओट्यावर वाजायला लागला, चार्जिंगला लावलेला.

"पळ, शेजारी घरमालकीण आहेत. त्यांना सांग, गाडी काढा, दवाखाना. श्वास म्हण, नुसतं बरं नाही म्हणू नकोस." मोठी अनवाणीच पळाली. सून भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसली. "माझ्याकडे बघ. नाकाने आत. आता मेणबत्ती विझवायचीय, हळू. हळू गं माझी राणी. परत." तिचे ओठ मुलीबरोबर हलत होते. मी काय करू, ते मला कळत नव्हतं. शेवटी तिनेच सांगितलं, "बाबा, ती नळी घ्या आणि चला."

घरमालकीण सामान वाहायची छोटी गाडी घेऊन आली. जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. "बसा, बसा! कुठे जायचं ते सांगा. सरकारी का खाजगी?"

"सरकारी. बारा किलोमीटर. पुलानंतर डावीकडे," सून म्हणाली. काल ज्या चौकशीला मुलगा हसला होता, ती आता मुखोद्गत होती.

मी आणि मोठी मागच्या हौद्यात बसलो. काचेतून पुढचं दिसत होतं. भिंगरी आईच्या मांडीवर, पाठ ताठ. तिचे ओठ मातकट दिसायला लागले होते. घरमालकिणीची बडबडही थांबली होती आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. मोठीने माझी बाही घट्ट धरली. "आजोबा, ती मरेल का?" मी तिला नाही म्हणालो. मला ते माहीत नव्हतं.

पुलाच्या अलीकडे समोरून आमची गाडी येताना दिसली. सुनेने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हात हलवले. घरमालकिणीने हॉर्न दाबूनच ठेवला. मुलगा रस्त्यात थांबला. त्याला काही कळायच्या आत सून उतरून त्याच्या गाडीचं दार उघडून सीटखाली हात घालत होती. मी हौद्यातून उतरून भिंगरीच्या खिडकीशी नळी धरून उभा होतो. पंप घेऊन येताच, पर्समधली नळी शोधत न बसता, तिने ती माझ्या हातातून ओढून घेतली.

एक दाब. श्वास. थांबायचं. दुसरा. तिसरा. रस्त्याच्या मधोमध दोन्ही गाड्या उभ्या होत्या, मागे कोणीतरी शिव्या देत होतं, आणि आम्ही पाच जण एका सात वर्षांच्या मुलीच्या छातीकडे बघत होतो. चौथ्या दाबानंतर ती म्हणाली, "आई, कडू आहे." घरमालकीण स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.

तरीही सुनेने दवाखान्यात जायचं सोडलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, आणलंत ते बरं केलं, दोन तास इथेच राहू दे. भिंगरीला आत निजवलं, मोठी तिच्यापाशी बसली. आम्ही तिघं बाहेर बाकावर.

मुलगा घाबरला की रागावतो. लहानपणापासून तसाच आहे. "दोन दोन पानी याद्या, सगळ्याच्या जोड्या," तो म्हणाला, "आणि ऐन वेळी पिशवीत पंप नाही! तू बघितलं नव्हतंस?"

सुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं. "राहिलं माझ्याकडून."

"राहिलं कसं? सतरा वेळा कुलूप ओढतेस, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा तेच राहतं? मग या सगळ्याचा उपयोग काय? दिवसभर घरी असतेस तू!"

ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मला वाटलं, गप्प बसलो तर हे असंच निभावून जाईल. खोटं कशाला बोलू, मला ते हवंसंही वाटलं. उरलेलं आयुष्य मुलासमोर मान खाली घालून काढायची माझी तयारी नव्हती. पण उद्यापासून या घरात तिच्या प्रत्येक काळजीला हीच आठवण उत्तर म्हणून मिळणार होती. मग ती काळजी करायची थांबली असती, किंवा बोलायची.

"खूण माझी होती," मी म्हणालो.

"कसली खूण?"

मी सगळं सांगितलं. चष्मा, फळी, ब्रश, जेवायची हाक. ती पिशवी उघडायला आली होती आणि आपण दोघांनी तिला थांबवलं, हेही सांगितलं. मुलगा मग उठून पाणी आणायला गेला, न मागता.

तो गेल्यावर मी सुनेला म्हणालो, "चुकलो गं."

"हो," ती म्हणाली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "तुम्ही बोललात ते बरं केलंत, बाबा. पण मला राग आलाय. जाईल तो. आज नाही जाणार."

मी मान हलवली. आतून भिंगरीच्या खोकल्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघंही एकदमच उठून उभे राहिलो.