चिंचोक्याचा निकाल

देवीदास सरांच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि माणूस हट्टाला पेटला होता. मूर्तिजापूरच्या आमच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी संभाव्यता शिकवली. पोरं पैकीच्या पैकी गुण घेऊन जायची, पण स्वतः मोजलेल्यावर विश्वास ठेवणारं एकही पोर त्यांना भेटलं नव्हतं. "एक तरी भेटलं पाह्यजे," असं ते डबा खाताना मला रोज सांगत. मी इतिहास शिकवतो. आमच्यात पाठ करायचं असतं, मोजायचं नसतं, म्हणून मी भाजीकडे लक्ष देई.

शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनी दहावीच्या पोरांना फोडलेल्या चिंचोक्याची एकेक फाक वाटली. एक बाजू काळी, एक पांढरी. घरी दोनशे वेळा फेका आणि काय पडलं ते लिहून आणा, एवढंच काम.

दुसऱ्या दिवशी बेचाळीसपैकी चाळीस वह्यांत काळं शंभर, पांढरं शंभर. मनोजने नव्याण्णव आणि एकशे एक लिहिलं होतं, जरा खरं वाटावं म्हणून. अहो, फाक एकीकडून फुगीर, दुसरीकडून चपटी, ती नाण्यासारखी पडेल कशी? पण सरांनी वर्गात नाण्याचं निम्मं-निम्मं सांगितलेलं. सरांचा शब्द खाली पाडायचा कसा? सर डोक्याला हात लावून बसले.

उरलेली दीपमाला आलीच नाही. तिचे वडील देवमनजी पिशवीभर चिंचोके घेऊन आले.

"सर, पोरगी रडून राह्यली. पांढरं एकशे एकतीस येते. मी फेकलं, तिच्या मायनं फेकलं, तसंच. आमच्या चिंचीतच खोट असन म्हणून वलगावच्या साळ्याकडून हे आणले. हेबी तसेच निंगाले."

सरांचा चेहरा उजळला. तेवढ्यात मुख्याध्यापक खुशालराव मध्ये पडले. एका शाळेत दोन उत्तरं चालणार नाहीत, म्हणाले. ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकांवर ड्युटी केलेले गृहस्थ, अडलं की ईश्वरचिठ्ठी एवढंच त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी भरवर्गात, दीपमालालाही बोलावून, त्यांनी डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, एक 'निम्मं-निम्मं'ची, एक 'एकशे एकतीस'ची, आणि शिपाई गोदाबाईंना डोळे मिटून एक काढायला लावली. 'निम्मं-निम्मं' निघालं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, याची मला आजही लाज वाटते.

"दीपमाला, तुझा आकडा खोडून टाक," खुशालराव म्हणाले.

पोरगी उभी राहिली. डोळे सुजलेले, हात वहीवर घट्ट.

"सर, चिठ्ठी तं एकदाच काढली. एकदा काढून काय समजते?"

देवीदास सर सगळ्यांदेखत रडले. मग त्यांनी निघालेली चिठ्ठी घडी घालून परत टाकली, डबा हलवला आणि दीपमालाच्या हातात दिला.

"काढ, बाई," ते म्हणाले, "मी लिहून घेतो."