स्क्रीनवर वाळलेली बाग

आता तुम्ही हसणार हे धरूनच सांगतो, फक्त चहा सांडू नका. मी कॉम्प्युटरचा माणूस. बारामतीत घरी बसून पुण्यातल्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो, आणि तिथं मला हुशार समजतात. घोळ झाला तो सासरवाडीत!

माझे सासरे तात्या, राहणार शेळगाव. अडीच एकर डाळिंब. बहार धरायचा म्हणून त्यांनी बागेचं पाणी तोडलं होतं. महिना-दीड महिना झाडाला पाणी द्यायचं नाही, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडलं की कळी निघते. याला ताण म्हणतात. मध्येच पाणी मिळालं की सगळं मुसळ केरात. तात्यांचं वर्षाचं पीक या एका ताणावर.

अशा वेळी जावयानं गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "तात्या, विहिरीवरची मोटर फोनवरून चालवू. तुम्ही शेतात जायलाच नको!"

मोटरला जोडायची पेटी आणली आणि ॲप लिहायला बसलो. तीन आठवडे गेले. कशात? चित्रांत! साधी बटणं मला चालतात होय? नळाला लोंबणारा थेंब काढला. डाळिंब काढलं, ते बायकोला कांदा वाटलं, म्हणून पुन्हा काढलं. ताण चालू असला की स्क्रीनवरचं झाड रोज थोडं वाळायचं, एकेक पान गिरकी घेत खाली यायचं. काय गळायचं हो ते पान!

आणि पेटीनं सेटिंगची फाईल कुठून वाचायची, हा भाग? तो शेवटच्या दिवशी, ताट वाढेपर्यंतच्या दहा मिनिटांत उरकला.

लॅपटॉप जोडून दाखवलं, सगळं झकास चाललं. तात्यांनी अर्ध्या गावाला फोन दाखवला.

बारा दिवसांनी त्यांचा फोन. "पाव्हणं, रागवू नगा, पण ताण बसंना. पानं हिरवीगार हायेत."

"स्क्रीनवर बघा की तात्या. झाड वाळलंय ना?"

"व्हय, स्क्रीनवर पार वाळलंय."

"मग झालं तर!"

दुसरा कुणी असता तर तात्यांनी त्याचे कान उपटले असते. पण जावयाला चूक म्हणायचं कसं? म्हणून त्यांनी चूक बांधापलीकडं शोधली. शेजारचे रशीदभाई मुलाणी, तीस वर्षांचा घरोबा. त्यांची पाइपलाइन बांधाखालून जाते, तीच फुटली असणार! यावर मीही मान डोलावली. नुसती डोलावली नाही, शेळगावला जाऊन बांधावर उभा राहून भाषण दिलं.

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "पाइप धड हाय माझा. पर तुमचं समाधान हुऊ द्या." आणि स्वतः कुदळ घेऊन आले. दिवसभर चर खणला. पाइप ठणठणीत!

तात्या रशीदभाईंशी बोलेनात, रशीदभाई तात्यांशी. आणि मी? मी मुक्कामाला राहिलो, पाहुणचार झोडला, आणि उजाडता उजाडता दोघांना बागेत घेऊन गेलो. फोन वर धरला. "हे बघा, मोटर बंद!"

तात्या खाली बघत म्हणाले, "पाव्हणं, तुमची चप्पल भिजली."

विहिरीकडून मोटरची घरघर ऐकू येत होती. ठिबकच्या नळ्या टपाटप गळत होत्या. स्क्रीनवर अजून एक पान गिरकी घेत खाली आलं.

आता काय झालं होतं ते ऐका. 'ताण चालू, मोटर बंद' असं सांगणारी फाईल पेटीनं माझ्या लॅपटॉपवरून वाचायची होती, आणि लॅपटॉप बारामतीत! वीज जाऊन आली की पेटी नव्यानं सुरू व्हायची आणि फाईल शोधायची. सापडली नाही तर बोंब मारावी की नाही? पण मीच लिहून ठेवलेलं: फाईल नसेल तर गुपचूप नेहमीची सेटिंग घे, रोज पहाटे दोन तास पाणी. फोनवरचं झाड मात्र फोनमधल्या सेटिंगवर सुखानं वाळत होतं. 'फाईल सापडली नाही तर ओरडा,' हे कंपनीत नव्या मुलांना मीच शिकवतो बरं का!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघांची माफी मागितली, चर मी एकट्यानं बुजवला. तात्यांनी पेटी काढून ठेवली आणि ताण पहिल्यापासून धरला. बहार महिनाभर लांबला. पण एका शब्दानं बोलले नाहीत. जावई ना!

रशीदभाई मात्र मी निघताना म्हणाले, "पाव्हणं, माझ्या बागेचा ताण संपला. आता पाणी द्यायचं हाय. ती पेटी मला द्या."

मी हरखलो. "खरंच? विश्वास आहे अजून?"

"हाय की! फकस्त तिला सांगा, ताण चालू हाय म्हणून."